चढणीचे पाहुणे

आमच्या गावात मासे चढतात. नदीला नवं पाणी यायची वेळ झाली की खालच्या डोहांतले मासे प्रवाहाच्या उलट, घाटाच्या दिशेने निघतात. याला आमच्याकडे नुसतं 'चढण' म्हणतात. कराड सोडून इस्लामपूरच्या बाजूला आलं की कृष्णेच्या एका वळणावर आमचं गाव आहे. मासे सांगलीच्याही खालून कुठून तरी येतात आणि आमच्यावरून पुढे जातात. कुठवर जातात ते गावात कुणी पाहिलेलं नाही. कुणी म्हणतं कोयनेच्या तोंडापर्यंत जातात, कुणी म्हणतं वाईच्या घाटापर्यंत. लहानपणी मला वाटायचं, ते महाबळेश्वराला जाऊन देवाचं दर्शन घेऊन परत येत असतील.

मी आता सांगलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. जे लिहितो आहे ते पहिलं वर्ष संपवून सुट्टीत घरी गेलो होतो तेव्हाचं आहे. ते नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. काही गोष्टी पाहताना तोंडातून शब्द निघत नाही, आणि पुढेही तो लवकर सापडत नाही.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पलटणीत हवालदार होते. त्यांच्या नोकरीच्या काळात वर्षाची रजा ते नेमकी चढणीच्या सुमाराला घ्यायचे. आई शेजारणींना सांगायची, "माज्यासाटी कवा रजा काडली न्हाई ह्या मानसानं. माशासाटी येतूय, आन् जाताना मला इचारतूय, पोरं कितवीला हायेत." आबा हसायचे. खरं तर ते दोन्हीसाठी येत असणार. पण घरी आल्यावर बूट काढायच्या आधी ते आढ्याला अडकवलेली काठी काढून वाकवून बघायचे, हे मीही पाहिलं आहे.

त्यांची काठी साधी बांबूची. तिला तंगूस, म्हणजे बारीक चिवट दोरी, गळ, आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या वाळल्या ताटाचा बोटभर तुकडा. कणकेत थोडा हिंग घालून गोळी करायची. एवढ्यावर ते खडस धरायचे. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, पितळी रंगाचा मासा. तो गळाला लागला की काठी अर्धी पाण्यात ओढतो. आबांनी आसामकडच्या डोंगरातही असे मासे पाहिले होते. "तितं बी हीच जात," ते सांगायचे, "फकस्त पानी गार आन् मासा थोराड. पर चालायची तऱ्हा तीच. समदी वरच्या अंगाला तोंड करून."

आमच्याकडे गळाचा एक रिवाज आहे. गावाच्या वरच्या अंगाला नदीत काठापासून काठापर्यंत काळ्या दगडाची एक आडवी पट्टी आहे. तिला उंबरा म्हणतात. पाणी उतरलं की ती उघडी पडते. चढणीचे मासे हा उंबरा ओलांडून वरच्या डोहात जाईपर्यंत गावातला कुणीही पाण्यात गळ टाकत नाही. जाळं नाही, टोपली नाही, काही नाही. पाहुणा दारात उभा असताना त्याला हात लावायचा नाही, एकदा आत आला की मग काय ते, असा त्यामागचा विचार. आत आलेल्या पाहुण्याला धरून खायचं, हे कसं, असं मी एकदा विचारलं होतं. आबा म्हणाले, "समदी न्हाई घावत. जेवडी घावत्यात तेवडी आपली. बाकीची त्येंची."

मी शाळेत असताना उंबऱ्याच्या खाली, हाकेच्या अंतरावर, बंधारा झाला. दगडी खांब, खांबांच्या मध्ये मोकळे गाळे, आणि त्या गाळ्यांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. या फळ्यांना आमच्याकडे बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडतं, काठावरची इंजिनं ते उसाला देतात. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढायचे, नदी मोकळी होते. बरगे वेळेवर काढले नाहीत आणि पूर आला तर ते फुगून खाचेत अडकतात, मग काही केल्या निघत नाहीत. पाण्याला वाट मिळाली नाही की नदी बंधाऱ्याला वळसा घालते आणि काठ कापून शेतं नेते. खालच्या एका गावात हे झालं होतं. तिथला मळा आम्ही पाहून आलो होतो. विहिरीचं गोल बांधकाम नदीच्या मधोमध उभं होतं, आणि भोवती पाणी.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. मोठ्या दुष्काळाची आठवण अजून ताजी होती, तेव्हा माणसं आकाशाकडे बघताना बोलत नसत. बंधाऱ्यामागे जे पाणी होतं त्यावर सगळ्या काठाचा ऊस उभा होता. म्हणून बरगे काढायचे दिवस आले तरी कुणी काढले नाहीत. बंधाऱ्याचं सगळं बघायचे ते आबांचे चुलतभाऊ, आमचे आप्पा. काठावरचा सगळ्यात मोठा ऊस त्यांचा. ते म्हणाले, "आभाळात ढग दिसू दे, मग काडू." यात कुणालाच काही गैर वाटलं नाही. आबांनाही नाही.

मी घरी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला बंधाऱ्यावर नेलं. बरोबर सांगलीचे एक घड्याळजी होते. बाजारपेठेत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आबांची आणि त्यांची मैत्री नदीवरच झालेली. दरवर्षी चढणीला ते दुकान मुलावर सोपवून एसटीने आमच्याकडे यायचे, धोतर, काळी टोपी आणि पिशवीत घरून मळून आणलेली कणीक. ते आबांना हवालदार म्हणत आणि आबा त्यांना घड्याळजी.

बंधाऱ्याच्या खाली पाणी थोडंच होतं, हिरवट आणि नितळ. बरग्यांच्या फटींतून बारीक चिळकांड्या उडत होत्या. आबा खांबावर पालथे झोपले आणि खाली बघत राहिले. मग मला हाताने खुणावलं.

मीही पालथा झालो. पहिल्यांदा मला फक्त तळाचे दगड दिसले. मग त्यातला एक दगड हलला. मग लक्षात आलं की ते दगड नव्हतेच.

मासे होते. एकमेकांना अंग लावून उभे होते, रांगेमागे रांग, पार खालच्या वळणापर्यंत. पुढे मोठे खडस, काही हातभर, काही त्याहून मोठे. त्यांच्या मागे बारके. कडेला काळसर मरळ. आणि तळाशी दोरीसारख्या वळवळणाऱ्या वामी. सगळ्यांची तोंडं बंधाऱ्याकडे. एकही मासा पाठमोरा नव्हता. फटीतून चिळकांडी पडत होती तिथे सगळ्यात दाटी होती. एखादा मोठा मासा पुढे यायचा, फळीला नाक लावायचा, तिथेच थोडा वेळ थांबायचा, आणि मागचा पुढे आला की बाजूला व्हायचा. दारावर थाप मारून उत्तराची वाट बघावी तसं.

आकाश निळं होतं. ढगाचा ठिपका नव्हता. वारा नव्हता. घाटाकडचे डोंगर स्वच्छ दिसत होते.

"चढण लागली," आबा हळूच म्हणाले.

घड्याळजी टोपी काढून डोकं पुसत म्हणाले, "अहो हवालदार, पण पाणी कुठंय? यांचं घड्याळ पुढं गेलंय की काय?"

"त्येंचं घड्याळ तुमी नगा दुरुस्त करू," आबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. ते पुन्हा खाली बघायला लागले. बराच वेळ बघून ते उठले आणि अंगावरची माती न झटकताच आप्पांच्या मळ्याकडे चालू लागले.

त्या दिवशी दुपारी इंजिनाच्या छपरात काठावरचे शेतकरी जमले. आबांचं म्हणणं एवढंच होतं, की मासे आलेत म्हणजे पाणी येतंय, बरगे आजच काढा. पाणी आल्यावर ते निघणार नाहीत.

आप्पा खाटेवर बसले होते. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली. "रेडिव काय म्हंतूय?"

"पाऊस न्हाई म्हंतूय," कुणीतरी सांगितलं.

"घाटावरनं कोन आलं?"

"दूधवाला आला सकाळी. तितं बी ऊनच हाय म्हंतूय."

"आन् हवालदाराला माशानं सांगितलं." छपरात हशा पिकला. आप्पा मात्र हसले नाहीत. "आवं दादा," ते म्हणाले. आबा त्यांच्यापेक्षा वर्षाने मोठे म्हणून ते दादा म्हणत. "बरगं काडलं आन् पानी न्हाई आलं, तर ह्यो समदा ऊस उभा जळल. तुमी माशासाटी ऊस वाळवाया निगाला व्हय?"

"माशासाटी न्हाई रं. काठासाटी. खालच्या गावाची हीर इसरलास?"

"न्हाई इसरलो. दुष्काळ बी न्हाई इसरलो."

दोघांचंही खरं होतं. तेवढ्यात एकाने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो कालेजात हेच शिकतूय न्हवं? इचारा की ह्येला. मासं-बेडकं फाडत्यात तितं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला खरंच वाटलं की काहीतरी सांगता यायला हवं; एवढ्यासाठी तर घरच्यांनी मला पाठवलं होतं. मी म्हणालो, "अंडी घालायला मासे वरच्या पाण्यात जातात, हे पुस्तकात आहे. पण पाणी येणार हे त्यांना आधी कळतं का, ते आम्हाला शिकवलेलं नाही. मला माहीत नाही."

"झालं," कुणीतरी म्हणालं.

मी खाली बसणार होतो. पण सकाळी पाहिलेलं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी अडखळत म्हणालो, "एक पाहिलं मी. पुढच्या माशांची पोटं अंड्यांनी टरारून भरलीत. आता त्यांचा अंदाज चुकला, तर वर्षाची अंडी वाया जातील. ते काही सहज म्हणून आलेले नाहीत. त्यांनीही सगळं पणाला लावलंय."

मी काही मोठं बोललो असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पण आप्पांची तंबाखू मळायची बोटं थांबली. आबा मात्र माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

"पानी येतंय का न्हाई त्ये मला बी ठावं न्हाई," ते म्हणाले. "मी काय देव न्हाई. पर न्हाई आलं तर माज्या हिरीचं पानी पयल्यांदा आप्पाच्या उसाला. त्येचा भिजंस्तवर माज्या सरीत थेंब सोडनार न्हाई."

आमची विहीर लहान. तिच्यावर आमचा स्वतःचा ऊस जेमतेम भिजायचा. त्या उसावर माझं कॉलेजातलं पुढचं वर्षही उभं होतं, हे मला माहीत होतं, आणि आबांनाही. ते ज्या माणसाला पाणी द्यायला निघाले होते त्याचा ऊस आमच्या कितीतरी पट होता.

आप्पा उठले. "ध्यानात ठिवा दादा, काय बोलला त्ये," एवढं म्हणून त्यांनी गड्यांना आकडे आणि साखळी आणायला सांगितलं.

बरगे काढणं हे दांडग्या माणसांचं काम आहे. खांबावर दोघं उभे राहतात, बरग्याच्या कड्यांत आकडे अडकवतात आणि एका दमात ओढतात. प्रत्येक गाळ्यात बरग्यांच्या पुढेमागे दोन ओळी असतात आणि त्यांच्या मध्ये माती ठासलेली असते, ती आधी पहारीने मोकळी करावी लागते. पहिला बरगा निघाला तेव्हा पाण्याची काचेसारखी पातळ चादर खाली पडली. त्या क्षणी खालचं सगळं पाणी हललं. मासे नाही, पाणीच हललं असं वाटलं. दुसरा निघाला, तिसरा निघाला, धार जाड झाली, आणि पहिला खडस उडाला.

तो धारेला आपटला आणि खाली पडला. पुन्हा उडाला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तो धारेच्या आतच शिरला. पाणी वरून पडत होतं आणि त्या पडत्या पाण्यातून एक पितळी मासा वर चढत होता. मी हे डोळ्यांनी पाहिलं. शेपटी एवढी जोरात हलत होती की दिसतच नव्हती. मग तो कडेवर आला, क्षणभर आडवा झाला, उन्हात लखकन चमकला, आणि पलीकडच्या पाण्यात नाहीसा झाला.

ओढणाऱ्यांचे हात थांबले होते.

"ओढा रं!" आप्पा ओरडले. "त्येंस्नी किती उड्या माराया लावताय?"

एक गाळा तळापर्यंत मोकळा झाला. पहिला लोंढा ओसरला आणि पाणी उतरणीवरून सरळ वाहायला लागलं, तेव्हा मासे त्यातून जायला लागले. उडावं लागत नव्हतं. पाठी पाण्याबाहेर काढून, पोटं दगडांना घासत, एकामागून एक. त्यांच्या जाण्याचा आवाज येत होता. पावसाचा नाही, प्रवाहाचा नाही, खूप माणसं ओल्या पायांनी फरशीवरून चालत जावीत तसा काहीतरी. आबांनी मला कडेच्या बाजूने खाली उतरवलं. गाळ्यात अडकलेली एक फांदी काढायची होती. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि माझ्या पायांना मासे लागायला लागले. एक पिंडरीला धडकला, थबकला आणि बाजूने गेला. दुसरा दोन्ही पायांमधून गेला. कुणी ओल्या हाताने थोपटावं तसं. ते मला घाबरत नव्हते. मी त्यांच्यासाठी एक दगड होतो, वाटेतला. फांदी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्या वेळेपुरता मी कुणाचा कोण आहे, काय शिकतो, पुढे काय होणार, यातलं काही मनात आलं नाही.

काठावर गाव जमलं होतं. एक गडी टोपली घेऊन पाण्याकडे सरकला. नुसती बुडवली असती तरी भरली असती. आबांनी बघितलं, पण ते बोलायच्या आधीच आप्पा खांबावरून गरजले, "ए! दारातलं पाव्हणं हायेत त्ये! टोपली डोस्क्यावर घाल आन् घरला जा!" गडी ओशाळून मागे झाला. घड्याळजी मला नंतर म्हणाले की त्या क्षणी त्यांना आप्पांच्या पाया पडावंसं वाटलं, पण खांबावर चढायचं कसं हे कळेना.

संध्याकाळपर्यंत सगळे गाळे मोकळे झाले. बंधाऱ्यामागचं पाणी निघून गेलं. मासे उंबरा ओलांडून वरच्या डोहात पोचले.

आणि पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीत वाळू दिसत होती. इंजिनांचे पाइप पाण्यावर अधांतरी लोंबत होते. नेहमी त्या काठाला इंजिनांचा एवढा आवाज असतो की दोन माणसं ओरडून बोलतात. त्या दिवशी पाखरांचा आवाज ऐकू येत होता. आभाळ तसंच निळं. आबांनी विहिरीवरची मोटर सुरू केली आणि पाणी आप्पांच्या पाटात सोडलं. आमच्या उसाची पानं दुपारपर्यंत सुरळीसारखी मिटली. आई बांधावर येऊन बघून गेली. ती काही बोलली नाही, आणि आई बोलली नाही की आबा फार अस्वस्थ होतात.

घड्याळजी डोहावर काठी न उलगडता बसून होते. मासे उंबऱ्याच्या वर आले होते, तेव्हा रिवाजाप्रमाणे आता गळ टाकायला हरकत नव्हती. डोह तर माशांनी गच्च भरला होता.

"टाका की तुमी," आबा त्यांना म्हणाले.

"तुम्ही?"

"मी न्हाई. पानी आल्याबिगर न्हाई. मी त्येंस्नी आत घेतलं, आन् आत पानीच न्हाई."

घड्याळजींनी पिशवीतली कणीक हुंगली. "आंबली," असं म्हणून त्यांनी ती पाण्यात भिरकावून दिली. पाणी खळबळलं. मग दोघंही तिथे बसून राहिले. आबा माशांकडे बघत होते. ते मासे डोहातही एकाच दिशेला तोंड करून उभे होते, वरच्या अंगाला, जिथून काहीच येत नव्हतं. आबांनाही त्यांच्याकडे बघून जरा धीर येत असावा. मला तर येत होता.

तिसऱ्या दिवशीही ऊन. आप्पा आमच्या विहिरीवर आले. विहिरीत आता तळाचे दगड दिसत होते. ते कठड्याशी उभे राहून खाली बघत राहिले आणि मग म्हणाले, "दादा, आता तुमच्या उसाला सोडा."

"बोललोय मी. तुजा अजून भिजला न्हाई."

"मी म्हंतूय न्हवं, सोडा. मी बी बरगं काडाया माणसं दिलीच की. तुमी एकल्यानं न्हाई काडलं."

आबा मोटरीजवळून हलले नाहीत. आप्पाही हलले नाहीत. दोन म्हातारे होऊ घातलेले भाऊ, मध्ये पाट, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या उसात पाणी सोडायचं होतं. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता हे भांडतील.

तेवढ्यात नदीकडून घड्याळजींची हाक आली. त्यांचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही तिघंही धावलो.

पहिल्यांदा फेस आला. वाळूवरून एक पांढरी रेघ पुढे सरकत होती, सापासारखी, घाई न करता. तिच्यामागे पाणी, लाल, दाट, घाटातल्या मातीचं. त्यावर आमच्याकडे न उगवणाऱ्या झाडांची पानं तरंगत होती. आमच्या डोक्यावर ऊन तळपत होतं, पायाखालची माती फुफाट्यासारखी कोरडी होती, आणि समोर पूर येत होता. डोंगरापलीकडे कुठेतरी पाऊस कोसळला होता, आणि इकडे त्याचा एक थेंब नव्हता. लाल पाणी उंबऱ्यावर आलं, उंबरा दिसेनासा झाला. मग बंधाऱ्याच्या मोकळ्या गाळ्यांतून ते सरळ निघून गेलं. दुपारी खांबांची फक्त डोकी वर होती. काठ जिथल्या तिथे होता.

आप्पा काठावर उभे होते. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला आणि दोन्ही हातांत धरला. पुराला नमस्कार केला की माशांना, ते मी विचारलं नाही.

"टाका आता गळ," घड्याळजी आबांना म्हणाले. "आलं की पाणी!"

आबा डोहावर गेले. काठी उलगडली, गळाला गोळी लावली, आणि ज्वारीच्या ताटाचा तुकडा लाल पाण्यावर सोडला. तो तरंगत गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तसाच तरंगत गेला. सूर्य कलला तरी एकदाही तो बुडाला नाही. डोह रिकामा होता. पाण्याचा पहिला फेस आला त्याच घटकेला ते सगळे निघून गेले असणार.

"म्हणजे यंदा तुम्हाला एकसुद्धा नाही?" घड्याळजी हळहळले.

आबा तंगूस गुंडाळत हसायला लागले. एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "गेली," ते म्हणाले. "समदी गेली की वो!"

कॉलेज सुरू झाल्यावर मी आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना हे सगळं सांगितलं. मला भीती होती की ते हसतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फटीतून झिरपणाऱ्या पाण्याला नव्या मातीचा वास लागला असेल, असं ते म्हणाले. किंवा हवेच्या दाबातला फरक असेल. मग म्हणाले, "पण दोन दिवस आधी? मला माहीत नाही. तुला कळलं तर मला सांग." मी अजून त्यांना काही सांगू शकलेलो नाही. जे पुस्तक दिसेल त्यात ते शोधतो.

पुढच्या वर्षी मृग पुन्हा कोरडाच लागला. मी सुट्टीत घरी पोचलो त्या सकाळी आबांबरोबर बंधाऱ्यावर गेलो. बरगे अजून घातलेले होते. आमच्या आधीच कुणीतरी तिथे आलं होतं. खांबावर पटका काढून ठेवलेला, वहाणा बाजूला. आप्पा पालथे पडून खाली पाण्यात बघत होते.

"आलं का रं?" आबांनी विचारलं.

आप्पांनी मागे न बघताच तोंडावर बोट ठेवलं आणि हाताने आम्हाला शेजारी झोपायची खूण केली.